तुम्ही विचारलंत म्हणून: खुराडे बंद करण्याची वेळ

दर उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून पाहुणे येतात, दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत चार दिवस राहतात, आणि परतीच्या आदल्या रात्री अंगणात बसलेले असताना त्यांच्यापैकी कोणीतरी मला तोच प्रश्न विचारते: "वीस-बावीस कोंबड्यांसाठी तुम्ही सगळ्यांनी स्वतःला घराशी का बांधून घेतले आहे? इतकी सुंदर ठिकाणे हाकेच्या अंतरावर असून तुम्ही कुठे मुक्कामाला जात नाही, ऊन उतरले की परतीची घाई करता. अंडी तर दुकानातही मिळतात." विचारणाऱ्याच्या मनात आमची काळजीच असते, हे मला ठाऊक आहे. उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखे नाही आणि तेवढ्यात पाने घेण्याची वेळ होते, म्हणून ते आज सवडीने लिहीत आहे.

अंड्यांचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे. केवळ अंड्यांसाठी कोणी गावठी कोंबड्यांचा व्याप करू नये. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते. आमची कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसू पाहते, आणि त्यामुळे तिची वर्षाची अंडी ६० ते ८०च्या पुढे सहसा जात नाहीत. तपकिरी कवच पाहून पाहुणे ही अंडी अधिक पौष्टिक समजतात, पण कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. बलकाचा गडद केशरी रंग मात्र तिने दिवसभर टिपलेल्या हिरव्या पाल्यामुळे येतो. चव आम्हाला निश्चित वेगळी लागते, पण तेवढ्यासाठी मी माझी संध्याकाळ कोणाला दिली नसती.

सकाळी या पाखरांचा फारसा भार नसतो. उजाडले की सासूबाई खुराड्याची फळी सरकवतात, भिजवलेला कोंडा आणि तांदळाच्या कण्या टाकतात, आणि पुढचा दिवस कोंबड्या स्वतः पाहतात. त्या काजूच्या झाडांखालचा पाचोळा उकरतात, गोठ्यामागे किडे शोधतात, दुपारी करवंदीच्या जाळीत धुळीने अंग घासत पडतात. खरा प्रश्न संध्याकाळचा असतो. कोंबडीला अंधुक प्रकाशात नीट दिसत नाही, म्हणून उजेड उतरू लागला की ती आपणहून खुराड्याकडे येते. तिला हाकलावे लागत नाही. मात्र ती आत गेल्यावर दार लावण्याचे काम माणसाचेच असते आणि त्याची वेळ घड्याळ ठरवत नाही. जूनमध्ये ती साडेसातच्या सुमारास येते, डिसेंबरमध्ये सव्वासहालाच. त्याआधी लावावे तर दोन-तीन कोंबड्या बाहेर राहतात, आणि फार उशीर केला तर काय होते ते आम्ही एकदा पाहिले आहे.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो, गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेतले, हेदवीच्या दशभुजा गणपतीला गेलो आणि परतताना धोपाव्याच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलो. समोर दाभोळचा काठ दिसत होता, सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकला होता आणि बोटीच्या दोन फेऱ्या आमच्या पुढच्या गाड्यांनीच भरून गेल्या. सासूबाई त्या दिवशी सोबत होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, फक्त आकाशाकडे पाहत होत्या. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. खुराड्याच्या उघड्या दारापासून माडापर्यंत पिसे पसरली होती. उदमांजराने अकरा कोंबड्या मारल्या होत्या आणि त्यांतली एकच नेली होती. माझ्या मुलीने त्या रात्री उरलेल्या आठ कोंबड्या एकेक करून हातात घेतल्या, कंदिलाच्या उजेडात तपासल्या आणि आत ठेवल्या. तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर दार लावायला कोण जाणार, हे आमच्या घरात कोणी कोणाला सांगितलेले नाही. जो घरी असतो तो जातो, आणि सगळे घरी असले तर सगळे जातात.

शेजारी दार लावणार नाहीत का, असे पुढे विचारले जाते. लावतात, आणि मनापासून लावतात. आमच्या वाडीतल्या सहा घरांना कोंबड्यांनी जसे जोडले आहे, तसे दुसऱ्या कशानेच जोडलेले नाही. याचे कारण मानमोडी हा रोग आहे. माझ्या लग्नानंतरच्या एका उन्हाळ्यात तो वाडीत शिरला. कोंबडी आधी पंख पाडून गप्प बसते, हिरवट पांढरी विष्ठा करते, मग तिची मान पिळल्यासारखी वळते, आणि त्या अवस्थेतून परत आलेली आमची एकही कोंबडी मला आठवत नाही. आठवड्याभरात आमचे खुराडे रिकामे झाले. सासूबाईंनी ते धुऊन उन्हात उलटे ठेवले आणि दोन वर्षे पुन्हा भरले नाही.

या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. पिल्लू साधारण पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब त्याच्या डोळ्यात किंवा नाकात सोडायचा असतो, आणि आठ आठवड्यांनंतर मोठ्या पक्ष्यांची लस टोचायची असते. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती सतत थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी एवढी कुपी फोडणे कोणालाच परवडत नाही. म्हणून आमच्या वाडीत ठरले की खुडूक कोंबड्या शक्यतो एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवायच्या. एकवीस दिवसांनी सहाही घरांत पिल्ले निघतात, माझे यजमान तालुक्याच्या गावाहून थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणतात, आणि सकाळी ऊन चढण्याआधी आम्ही सगळ्या बायका डालगी घेऊन एकाच अंगणात जमतो. एकीने पिल्लू धरायचे, दुसरीने थेंब सोडायचा, मुलांनी मोजायचे. त्यानंतर चहा होतो. वर्षातून दोन-तीन वेळा घडणारा हा कार्यक्रम मला एखाद्या हळदीकुंकवाइतकाच प्रिय आहे.

तेव्हा लग्नकार्याला किंवा दवाखान्यासाठी रात्रभर बाहेर राहावे लागले, तर शेजारच्या काकी दार लावतात आणि त्या दिवसाची अंडी त्यांच्याकडे जातात. गरज पडली तर सोय आहे. तरीही सहलीसाठी आम्ही ती सोय वापरत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे.

खुराडे रिकामे होते त्या दोन वर्षांत आमच्या घरातली संध्याकाळ कशी होती, ते मला आठवते. यजमान कामावरून येऊन आतल्या खोलीत बसत, सासूबाई देवापाशी, मी चुलीपाशी, मुलगा त्याच्या अभ्यासात. भांडण नव्हते, दुःख नव्हते, आणि एकमेकांकडे पाहण्याचे कारणही नव्हते. कोंबड्या परत आल्यावर दिवेलागणीच्या वेळी सगळे मागच्या अंगणात दिसू लागले. कोणी मोजतो, कोणी पाण्याचे भांडे पालथे करतो, काबरी आज लंगडते आहे असे कोणाच्या तरी लक्षात येते, आणि ती का लंगडते यावर बोलता बोलता शाळेत काय झाले, कोणाचे पैसे यायचे आहेत, आत्याचा फोन कशासाठी आला होता, हे सगळे बाहेर पडते. माझ्या मुलाने त्याची नापास झाल्याची गोष्ट मला स्वयंपाकघरात सांगितली नाही. खुराड्याच्या फळीला कडी घालताना, माझ्याकडे पाठ करून सांगितली. ती पंधरा मिनिटे मी कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावरच्या मुक्कामासाठी सोडणार नाही, असे मी जेव्हा म्हणते, तेव्हा ते अक्षरशः खरे असते.

आणि आम्ही फिरत नाही असेही नाही. उजाडताच दार उघडून निघायचे आणि उजेड असतानाच परतायचे, एवढ्या मापात आमच्या तालुक्यातले कितीतरी बसते. पन्हाळेकाजीला आम्ही दर हिवाळ्यात जातो. कोटजाई नदीच्या काठी खडकात कोरलेली एकोणतीस लेणी आहेत, आधी बौद्धांची आणि नंतरच्या काळात नाथपंथीयांची. दुपारी तिथे माणूस क्वचितच असतो आणि सावली गार असते. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आहे. कर्द्याचा आणि मुरुडचा किनारा आहे. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, लसणीची सुकी चटणी आणि अंड्याची जाड पोळी असते. किनाऱ्यावर मुले रिकाम्या शिंपल्या पिशवीत भरतात, कारण सासूबाई त्या भाजून, कुटून कोंबड्यांच्या कोंड्यात मिसळतात. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते कोंबडीला कुठून तरी मिळावेच लागते. मिळाले नाही तर अंडी पातळ कवचाची निघतात, बोट लागताच फुटतात. तिसऱ्यांचे कालवण झाले की त्यांच्या शिंपल्याही आम्ही टाकत नाही.

एका ठिकाणाची चुटपुट मात्र मला आहे, ती लपवत नाही. हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहण्यासारखा असतो: समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, नांगरलेल्या होड्या, त्यांच्यातून मासळी काठावर आणणाऱ्या बैलगाड्या आणि वाळूवर मांडलेल्या ढिगांभोवती उभी असलेली माणसे. जून-जुलैत दिवस मोठा असतो, पण मासेमारीवर बंदी असते. हिवाळ्यात लिलाव रंगतो तेव्हा आमच्या कोंबड्या सहा वाजताच घरी येतात. म्हणून आम्ही सकाळच्या लिलावाला जातो आणि सुरमई मिळाली तर दुपारी तीच रांधतो.

रांधण्याचा विषय निघाला की दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: घरचा कोंबडा तुम्ही खाता का? खातो. बारा पिल्लांत पाच-सहा नर निघतात आणि एका खुराड्यात दोनांहून अधिक कोंबडे नांदत नाहीत; ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. श्रावण संपेपर्यंत घरात सामिष काहीच शिजत नाही, अंडीही नाहीत. त्या महिन्यातली अंडी वाडीतल्या बाळंतिणीकडे आणि ज्या घरी श्रावण पाळत नाहीत तिकडे जातात. मग भाद्रपदात गौरीपूजनाच्या दिवशी आमच्या घरच्या प्रथेप्रमाणे तिखटाचा नैवेद्य होतो. गावठी कोंबडा लाकडाच्या चुलीवर दीड तास तरी शिजवावा लागतो. भाजलेले सुके खोबरे, कांदा, धणे, मिरी यांचे वाटप पाट्यावर वाटलेले असेल तर रश्श्याला जो दाटपणा येतो, तो मिक्सरने येत नाही, असे सासूबाईंचे मत आहे आणि मी दोन्ही करून पाहिल्यावर ते मान्य केले आहे. वड्यांसाठी जाडे तांदूळ, उडीद, चण्याची डाळ, धणे आणि थोडी मेथी दळून आणलेली असते. अंड्यांवर बसलेली किंवा पिल्ले असलेली कोंबडी मात्र आमच्या घरात कधीही कापली जात नाही, कितीही मोठा पाहुणा आला तरी. माझी मुलगी घरचा कोंबडा खात नाही. त्या उदमांजराच्या रात्रीनंतर तिने तसे सांगितले, आम्ही कारण विचारले नाही, आणि गौरीच्या दिवशी तिच्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी वेगळी होते. अंडी ती आवडीने खाते.

गेल्या मे महिन्यात माझी नणंद तिच्या मुलाला घेऊन आली होती. हा प्रश्न त्या वेळी तिनेच विचारला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पन्हाळेकाजीला जायचे ठरले होते आणि संध्याकाळी दार लावताना भाच्याने मोजण्याचे काम मागून घेतले. त्याने तीनदा मोजले आणि तीनदा एकवीसच भरल्या. बावीस असायला हव्या होत्या. तांबडी दिसत नव्हती. आम्ही सगळे विजेऱ्या घेऊन बाहेर पडलो, नणंदही आली. गोठ्यामागे, जाळीत, लाकडांच्या खोपीत शोधले. शेवटी भाच्यालाच ती पेंढ्याच्या उडवीच्या खालच्या पोकळीत सापडली. तिने चोरून अंडी घातली होती आणि आता ती त्यांच्यावर पंख पसरून बसली होती. हात पुढे करताच तिने पिसे फुलवून टोच मारली. सासूबाईंनी तिला तिथून हलवू दिले नाही. अंगण झाडण्याइतक्या हलक्या हाताने त्यांनी भोवतीचा पेंढा सारखा केला, वर मोठे डालगे झाकले आणि त्यावर पाट्याचा दगड ठेवला.

पन्हाळेकाजीला आम्ही सकाळी उशिरा निघालो, कारण भाच्याला आधी दगड बाजूला करून तिला पाणी आणि कण्या द्यायच्या होत्या. डोंबिवलीला परतल्यावर तो रोज साडेसातला फोन करून ती उठली का, खाल्ले का, असे विचारत असे. नऊ अंडी होती. एकविसाव्या दिवशी सात पिल्ले निघाली, आणि त्या संध्याकाळचा आकडा मी त्याला फोनवर सांगितला: बावीस आणि सात.