मार्क बघतच नाहीत म्हणे

लेक इथे अमेरिकेत अकरावीत आहे, त्यामुळे घरात सध्या एकच विषय: कॉलेजप्रवेशासाठी सॅट परीक्षा द्यायची की ॲक्ट, आणि एपी, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, किती घ्यायचे. त्यात मला सगळ्यात जास्त राग आलाय तो युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा. बर्कली, यूसीएलए, सॅन दिएगो, पदवीच्या नऊही कॅम्पसना सॅट-ॲक्टचे मार्क प्रवेशासाठी चालत नाहीत. १६०० पैकी १६०० पाठवा, बघणार नाहीत. फार तर प्रवेश झाल्यावर कुठल्या वर्गात बसवायचं यासाठी वापरतील.

हे फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "मार्क बघत नाहीत, तर मग बघतात तरी काय गं?"

शाळेचे ग्रेड, घेतलेले विषय, शाळेबाहेरचे उद्योग, आणि ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरं. २०२० मध्ये त्यांच्याच प्राध्यापकांच्या समितीने परीक्षा तूर्त ठेवा असं सुचवलं होतं, तरी मे महिन्यात रीजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, २३ विरुद्ध ० मतांनी ती काढायचं ठरवलं. कारण काय, तर मार्कांवर घरच्या पैशाचा परिणाम होतो. होतो ना! पण निबंधावर होत नाही? इथे निबंधाला वळण लावून देणारे सल्लागार तासावर पैसे घेतात. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत आणली, तेव्हा हेच म्हटलं: साध्या शाळेतल्या हुशार मुलाला आपली तयारी दाखवायला मार्कांचा आधार होतो. मी मिरजेच्या मराठी शाळेतली. छंद, नेतृत्व, समाजसेवा यातलं माझ्याकडे काय होतं? मार्क होते. त्यांच्यावरच इथवर आले.

हे लेकीला ऐकवलं. ती म्हणाली, "आणि तुझ्या वर्गातले बाकीचे?" मी कुकर लावायला उठले.

एवढं असूनही सॅट देतोच आहोत. घरापासून जवळच असलेल्या स्टॅनफर्डला ती आता पुन्हा लागते, जॉर्जिया टेकला लागते, येल सॅट, ॲक्ट, एपी, आयबी यातलं काहीही चालवतं. कुठे सक्ती, कुठे मर्जी, कुठे वर्ज्य. सीईटीचा पर्सेंटाइल आला की कॅप राउंड सुरू, हे किती सुटसुटीत वाटतं आता! (त्या राउंडमध्ये माझा भाऊ किती रडला होता ते मी सोयीने विसरते.)

ॲक्ट मात्र सोडली. परीक्षा लागते तिथे दोन्हींतली कुठलीही एक चालते, आणि २०२५ पासून त्यातला सायन्सचा भागसुद्धा ऐच्छिक झालाय, म्हणजे परीक्षा निवडल्यावर पुन्हा त्यातले भाग निवडत बसा. ओळखीतल्या एकांनी मुलाला दोन्ही द्यायला लावल्यात. त्यांच्याशी बोलल्यावर मला दोन दिवस झोप नव्हती, पण नाही म्हणजे नाही.

सॅटचं केंद्र मिळालं ते फ्रेझ्नोच्या बाजूला. यूसीने मार्क सोडल्यापासून आमच्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) बऱ्याच शाळांनी केंद्र द्यायचंच थांबवलंय. काही मुलं पार नेवाडात जातात. सव्वादोन तासांच्या पेपरसाठी आदल्या रात्री मोटेल. आपल्याकडे परगावी सेंटर आलं तर कोणीतरी आत्या-मावशी निघतेच. सकाळी दहीसाखर हातावर ठेवते. इथे मी दह्याचा डबा आइसबॉक्समध्ये घालून नेणार आहे. पण एक कबूल: परीक्षा लॅपटॉपवर, कॅल्क्युलेटर त्यातच, आणि निकाल साधारण दोन आठवड्यांत. आपल्या बोर्डाने शिकावं.

एपी दोन ठरल्यात, कॅल्क्युलस बीसी आणि अमेरिकेचा इतिहास. यूसी निदान एपी वर्गाच्या ग्रेडला जादा वजन देते आणि परीक्षेत पाचपैकी ३ किंवा वर मिळाले तर कॉलेजचं क्रेडिट. निकाल जुलैत. आईला तेव्हा "पाचपैकी पाच" मिळाले तर लगेच कळवणार आहे. चार मिळाले तर टक्केवारी काढून बसेल, म्हणून नुसतं "पास झाली" म्हणेन.