पहिलं पिस्तूल

आज नाशिकच्या नेमबाजीच्या रेंजवर दोन एअर पिस्तुलं हाताळली. एक सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या सिलिंडरवर चालणारं, '१९११' नावाच्या प्रसिद्ध पिस्तुलाच्या घडणीचं. जॉन ब्राउनिंगची ती रचना, अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेली. मुठीचा कोन हातात असा बसला की खाली ठेवावंसंच वाटेना! दुसरं, एका ताईंनी विकायला काढलेलं जुनं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठीचं. दर शॉटला हाताने हवा भरायची. दिसायला अगदी साधं. १० मीटरवरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. पहिल्या पिस्तुलाने माझे पेलेट (छोटे छर्रे) पसरले, दुसऱ्याने मात्र एकमेकांजवळ पडले. शिवाय दुसऱ्याला सीओटू सिलिंडरचा रोजचा खर्च नाही. रेंजवरचे सर म्हणाले, "घाई नको, आठवडाभर हेच चालवून बघा." कॉलेज रोडवरून घरी येईपर्यंत तळहाताला मात्र ती १९११ चीच मूठ जाणवत होती. तरी जुनं मॅच पिस्तूलच घेतेय, पगार झाला की.