गवतातल्या दोघी आणि उत्तरेची खिडकी

अमेरिकेतल्या डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयात शिरलेली बहुतेक माणसं सरळ मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रांकडे वळतात. 27 पॅनेल, चारही भिंतींवर उद्योगाचा धडधडाट. तेही पाहिलं. पण लिहावंसं वाटलं ते साधारण 88 बाय 134 सेंटिमीटरच्या एका कॅनव्हासमुळे: फ्रेंच चित्रकार विल्यम बूगरोचं 1882 सालचं 'ले न्वाझेत', म्हणजे हेझलनट.

हिरवळीवर दोन अनवाणी मुली. एक आडवी पडलेली, दुसरी बसलेली, हातात वेचलेले हेझलनट, मागे गर्द झाडी. लोक दहा सेकंद थांबतात, 'किती गोड!' म्हणतात आणि फोटो काढून पुढे जातात. याची मला फार चुटपुट लागते. गुळगुळीत रंगावर व्हार्निश, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत दिव्याची चकाकी येते; शिवाय चेहरा दिसला की काही फोन त्वचा आपणहून उजळ आणि गुलाबी करतात. नेमकं पाहण्यासारखं तेच पुसलं जातं.

आधी तीन मीटरवरून पाहा, मग अर्ध्या मीटरवर, थोडं बाजूला सरकून. प्रकाशातल्या भागात पांढरा मिसळलेला रंग दाट आहे, सावलीत पातळ तपकिरी. या दोन्हींच्या मधे करडी, किंचित हिरवट पट्टी आहे. गालाची गोलाई त्या पट्टीमुळे येते. ती गुलाबी रंगवली तर चेहरा मेणाचा दिसतो. पोर्ट्रेट शिकणाऱ्या प्रत्येकाची पहिली चूक हीच.

आता झाडाखालचं ऊन शोधा. पानांतून गळणारे कवडसे अंगावर नाहीत. खऱ्या कुरणात हनुवटीखाली गवताचा हिरवा रंग परावर्तित होतो, तोही मला दिसला नाही. हा प्रकाश स्टुडिओतल्या उत्तरेच्या खिडकीचा आहे. पॅरिसमध्ये उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येत नाही, त्यामुळे सावल्या दिवसभर फारशा जागच्या हलत नाहीत. बूगरोची पद्धत संथ होती: छोटी रेखाटनं, मॉडेल बसवून अभ्यासचित्रं, डोकं आणि हात तैलरंगात वेगळे, रंगांचा कच्चा आराखडा, मग पूर्ण आकाराचं रेखाटन कॅनव्हासवर उतरवायचं. तासाभरात सरकणाऱ्या उन्हात हे जमत नाही, आणि चुळबुळणारी पोरं मॉडेल असली तर मुळीच नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश गिरवलेल्यांना ही शिस्त लगेच ओळखू येईल.

म्हणजे इथला निसर्ग मुलींच्या मागे लावलेला पडदा आहे. मला त्याचा राग येत नाही. खुपतात ते पाय: रानात फिरूनही एक ओरखडा नाही, मातीचा थर नाही. याच 1882च्या मार्चमध्ये फ्रान्सने सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं केलं. तेव्हा शेतात मुलं राबत होती. आणि शहरी दिवाणखान्यांसाठी रंगवली जात होती ती अशी निवांत, स्वच्छ खेडवळ मुलं. तरीही त्या हातांसमोरून माझा पाय निघत नव्हता. बोटांच्या सांध्यांवर इतकी माया केलेली चित्रं मी फार थोडी पाहिली आहेत.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टनकडच्या मराठी घरांना तिकीटही नाही, कारण वेन, ओकलंड आणि मॅकोम या तीन काउंट्यांच्या रहिवाशांना प्रवेश मोफत आहे. ते दहाच सेकंद पाहणाऱ्यांत तुम्ही नको.