जुनं फ्रॅक्चर, निसटलेलं मनगट

मिरजेत आमच्याकडे येणारे जुन्या फ्रॅक्चरचे बरेच हात आधी बांबूच्या कामट्यांत दीड-दोन महिने बांधलेले असतात. हाड वाकडं जुळलेलं, मनगट सैल. तपासताना मी कोपर अंगाला चिकटवायला लावतो आणि तीर्थ घ्यायला करतो तसा तळहात वर करायला सांगतो. कोपर सुटं ठेवलं तर पेशंट खांद्यातून चोरी करतो. तळहात अर्ध्यावर अडकतो. करंगळीकडच्या हाडाचं, म्हणजे अल्नाचं, मनगटाजवळचं डोकं वर आलेलं असतं. दाबलं की पेटीच्या पट्टीसारखं खाली जातं, सोडलं की पुन्हा वर.

हे गॅलिआझी फ्रॅक्चर. रेडियस, म्हणजे अंगठ्याकडचं हाड, मोडून आखूड होतं, म्हणून त्याचा अल्नाशी मनगटापाशी असलेला खालचा सांधा निसटतो. त्यामुळे दोन्ही मनगटांचे एक्स-रे घेऊन रेडियस किती मिलिमीटर आखूड आहे ते आधी मोजायचं. नुसतं मनगट बसवू पाहणं म्हणजे फुकटची मेहनत.

हातापुरती भूल, टूर्निके (रक्त थांबवायला दंडावर आवळलेला पट्टा), तळहाताच्या बाजूने चीर. जुळलेलं हाड वाकड्या जागी कापायचं, हळूहळू ताणून लांबी आणायची. आखडलेले स्नायू सहज सोडत नाहीत आणि एकदम ओढलं तर मज्जातंतू ताणला जातो. मग ३.५ मिमीची प्लेट, दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू, फट राहिली तर कमरेच्या हाडाचा तुकडा. रेडियसला मुळात बाक असतो. सरळ प्लेटवर हाड आवळताना तो बाक गेला, तर एक्स-रे छान दिसतो, पण हात फिरत नाही.

खरी परीक्षा प्लेटनंतर. तळहात वर करून अल्ना हलवून बघायची. सांधा बसतो पण टिकत नाही, तर अल्नातून रेडियसमध्ये दोन के-वायर, म्हणजे हाडात घालायच्या बारीक तारा. त्या दोन्ही हाडांच्या चारही कवचांतून आरपार न्यायच्या, म्हणजे मध्येच तुटली तरी दोन्हीकडून काढता येते. बसतच नसेल तर बहुधा आत व्रण भरलेला असतो किंवा कंडरा (स्नायूची दोरी) अडकलेली असते; मागून उघडून काढावी लागते. सांधा बसला पण त्याला बांधून ठेवणारं लिगामेंट उरलेलंच नसेल, तर मनगटाच्या कंडरेचा पट्टा घेऊन ते नवं करावं लागतं. सांधा झिजलेला असेल तर सोव्हे-कापांजी ऑपरेशन: अल्नाचं डोकं रेडियसला स्क्रूने जोडायचं आणि त्याच्या वर अल्नाचा साधारण १ सेंमी तुकडा काढायचा.

तळहात वर ठेवून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. वायर काढल्याशिवाय मनगट फिरवू द्यायचं नाही. ऊसतोडीची घाई असलेले हमखास इथेच वायर मोडून येतात.