‘गळत नाहीये ताई, पत्र्याला घाम येतोय’

पहिल्या जोरदार पावसानंतर मी कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "गळत नाहीये ताई, पत्र्याला घाम येतोय." वरच्या मजल्यावर तीन बादल्या मांडलेल्या, आईच्या कपाटामागची भिंत ओलीचिंब, आणि हा म्हणतो घाम! मी फोन ठेवला नाही, आपटला. पुढचे चार महिने आमचं भांडण ह्याच वाक्याभोवती फिरत राहिलं. सांगायला जरा लाज वाटते, पण तीनपैकी एका बादलीपुरतं त्याचं म्हणणं खरं निघालं.

छप्पर नवंकोरं होतं. लोखंडी सांगाडा, त्यावर रंगीत पत्रे, एका बाजूला जिन्याच्या खोलीची भिंत. ५० टक्के आगाऊ, ३० टक्के पत्रे चढल्यावर आणि उरलेले २० काम संपल्यावर असं ठरलं होतं. कोटेशन एका पानाचं. त्यात ‘वॉटरप्रूफिंगसह’ असा एक शब्द होता आणि त्या शब्दाच्या भरवशावर मी निर्धास्त होते. भिंत आणि पत्रा जिथे भेटतात तिथे नेमकं काय बसवणार, स्क्रू कुठले वापरणार, गळालं तर किती दिवसांत येऊन बघणार, ह्यातलं त्या पानावर काहीच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. पत्र्याचा रंग मात्र चार वेळा बदलून घेतला होता.

गळती दिसल्यावर मी शेवटचे २० टक्के अडवले. ते चुकलं असं आजही वाटत नाही. चुकलं ते एवढंच, की का अडवले हे त्याला लेखी कळवलं नाही. फोनवर तोंडाला येईल ते बोलले आणि एकदा तर रात्री दीड वाजता लांबलचक मेसेज पाठवला. सकाळी तो वाचून मलाच कसंतरी झालं. त्याच्या बाजूने बघितलं तर बाईने काम करून घेतलं आणि आता पैसे द्यायला खळखळ करतेय. त्याने फोन उचलणं बंद केलं. माझ्याकडे गळकं छप्पर, त्याच्याकडे थकलेलं बिल. दोघंही आपापल्या जागी खरे.

ओळखीच्या एकाने सल्ला दिला, "दुसरा माणूस बोलव, डांबरपट्टी मारून घे आणि खर्च ह्याच्या बिलातून काप." मी दुसऱ्या माणसाला यायलाही सांगितलं होतं. त्याआधी सहज म्हणून एका सिव्हिल इंजिनिअरला विचारलं, तर ते म्हणाले, दुसऱ्याने हात लावला की पुरावा गेला. नंतर पहिला म्हणणार, माझं काम व्यवस्थित होतं, ह्यानेच बिघडवलं. शिवाय ज्याने काम केलं त्याला येऊन बघण्याची आणि दुरुस्त करण्याची संधी दिली नाही, तर पुढे तक्रार करताना आपलीच बाजू लंगडी पडते. मी त्या दुसऱ्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. ताडपत्री टाकली, पण ती टाकण्याआधी सगळे फोटो काढून ठेवले.

इंजिनिअरांनी आणखी एक काम लावलं: वही. रोज सकाळ-संध्याकाळ तारीख, वेळ, पाऊस होता का, वारा कुठल्या बाजूचा, कुठल्या बादलीत किती पाणी. मला हे पोरकट वाटलं होतं. तीन आठवड्यांनी वही उलटून बघितली आणि मीच चमकले. भिंतीकडची बादली भरायची ती फक्त भिंतीच्या दिशेने वारा असलेल्या पावसात. मधली बादली कुठल्याही पावसात भरायची. आणि स्वयंपाकघरावरची? तिच्यात पाऊस नसलेल्या पहाटेही थेंब होते. एका जागी टपटप नाही, पत्र्याच्या सगळ्या अंगावर बारीक बारीक. आतली दमट, गरम हवा वर चढते, रात्री पत्रा गार पडतो, वाफ त्याला चिकटून पाणी होते. घाम म्हणजे शब्दशः घाम.

मग मी पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘फसवणूक’ हा शब्द तीनदा आला होता, तो तिन्ही ठिकाणी खोडला. काम कधी संपलं, गळती कधी दिसली, कुठे कुठे दिसली, सोबत फोटो आणि वहीच्या नकला. १५ दिवसांत येऊन पाहणी करावी, दोष तुमच्या कामातला निघाला तर दुरुस्ती करावी, आणि उरलेली रक्कम त्यासाठी राखून ठेवली आहे, बुडवलेली नाही. स्वयंपाकघरावरचं पाणी घामाचं असावं, हेही मी त्यात लिहून टाकलं. आई म्हणाली, "अगं, त्याच्या हातात कशाला देतेस?" पण मला वाटतं, तो आला तो त्या एका ओळीमुळेच. पत्र पोचपावतीसह पाठवलं. नवव्या दिवशी त्याचा फोन आला.

छपरावर पाइपाने पाणी सोडून ते कुठून शिरतं हे बघायचं ठरलं. ही पाइप-चाचणी कशी करायची ते आधीच ठरवून घेतलं. कोरडा दिवस. पाण्याचा पाइप माझ्या हातात, छपराखाली उभा राहणार तो त्याचा माणूस. म्हणजे मी उगाच ओरडले असं त्याला म्हणता येणार नाही. इंजिनिअर मध्ये. पाणी आधी खालच्या कडेला, मग हळूहळू वर, प्रत्येक पट्ट्यात पंधरा मिनिटं. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते समजत नाही.

खालचे दोन पट्टे कोरडे गेले. पत्र्यावर पत्रा चढवलेले लॅप नीट होते. कॉन्ट्रॅक्टरने माझ्याकडे असं बघितलं की पाइप त्याच्यावरच वळवावासा वाटला. मग आम्ही भिंतीच्या सांध्यापाशी आलो. चौथ्या मिनिटाला खालून आवाज आला, "मालक, आलं." पाणी पडत होतं ते सांध्यापासून तीन-एक फूट लांब. आत शिरून ते सांगाड्याच्या लोखंडी पाइपाच्या कडेने पळत जात होतं आणि मग टपकत होतं. थेंब पडतो तिथेच भोक असणार असं धरून मी इतके दिवस भलत्याच जागेचे फोटो काढत बसले होते.

कॉन्ट्रॅक्टर उकिडवा बसला आणि फट बुजवायला भिंतीवर लावलेल्या सिलिकॉनच्या कडेला त्याने नख लावलं. हातभर पट्टी एका ओढीत सोलून निघाली, खालच्या बाजूला प्लास्टरची पांढरी भुकटी चिकटलेली. भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी तिच्यात वळवून बसवायला हवी होती. इथे पट्टी नुसती भिंतीला टेकवून, धूळ न पुसता वरून सिलिकॉन ओढलं होतं. तो काही बोलला नाही. ती सोललेली सिलिकॉनची पट्टी बराच वेळ बोटांना गुंडाळत राहिला. मीही बोलले नाही, आणि त्या चार महिन्यांतलं माझं सगळ्यात शहाणं वागणं ते हेच.

मधली बादली माझ्या अंगावर आली. छप्पर झाल्यावर दोन महिन्यांनी मी सोलर हीटर बसवून घेतला होता. त्याचा पाइप पत्र्यातून खाली उतरवायला सोलरवाल्याने भोक पाडलं होतं आणि भोवती फट बुजवायला कसलीशी लांबी, म्हणजे पुटी, फासली होती, ती उन्हाने तडकली होती. तिथे पाणी धरल्याबरोबर खाली धार लागली. "हे आमचं नाही हं ताई," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. नव्हतंच त्याचं.

खरी ओढाताण झाली ती स्क्रूंवरून. स्क्रूच्या टोपीखाली रबरी वॉशर असतो. तो जेमतेम दाबला जावा, म्हणजे रबर टोपीच्या कडेपर्यंत येऊन थांबावं. ढिला राहिला तर पाणी शिरतं, करकचून आवळला तर रबर बाहेर फुगतं आणि उन्हाने चिरतं. आमच्याकडे एका रांगेत २२ पैकी ९ वॉशर फुगून फुलासारखे उघडलेले. मशीनचा जोर कमी न करता पोरांनी धडाधड मारलेले स्क्रू. कॉन्ट्रॅक्टरचा मुद्दा साधा होता: आज गळत नाही, मग दुरुस्ती कसली? इंजिनिअर म्हणाले, आज गळत नाही हे खरं, पण हा वॉशर टिकणार नाही हेही खरं. ह्यावर तासभर गेला. शेवटी फुगलेले तेवढे स्क्रू काढून त्याच भोकात एक माप जाड स्क्रू नव्या वॉशरसकट बसवायचे, आणि बाकीच्या रांगा त्याच्या माणसाने माझ्यासमोर तपासायच्या, ह्यावर तो कबूल झाला.

ठरलेलं तिथल्या तिथे कागदावर उतरवलं. भिंतीचा सांधा खाच पाडून नव्याने आणि स्क्रू, हे त्याच्या खर्चाने. सोलरचं भोक आणि स्वयंपाकघरावर हवा जायला जाळी, हे माझं. राखलेल्या रकमेपैकी निम्मी दुरुस्तीनंतर पुन्हा पाइप धरून बघितल्यावर, निम्मी एक अख्खा पावसाळा गेल्यावर. पावसाळ्याची अट त्याला जड गेली. म्हणून तोपर्यंत काही दिसलं तर आठ दिवसांत येईन, न आल्यास मी दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च कापू शकते, असं त्याच्या तोंडचं वाक्य त्यात घातलं, आणि त्याच्या मागणीवरून मी रक्कम कुठल्या तारखेपर्यंत देणार तेही. इंजिनिअरांची फी निम्मी दे म्हटलं, तर साफ नाही म्हणाला. ती मी भरली. एवढ्यासाठी पुन्हा भांडायची ताकद नव्हती.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. पुढचा पावसाळा भिंत कोरडी राहिली. ठरल्या तारखेला शेवटचे पैसे दिले आणि त्याच्याकडून ‘हिशेब पूर्ण’ असं लिहून घेतलं.

मधल्या बादलीत मात्र परवा पुन्हा पाणी दिसलं. सोलरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ते आमचं नसणार ताई, तुमच्या पत्रेवाल्याला विचारा." मी वही काढली.