नऊ पौंडांची बंदूक आणि अण्णांचं ग्रीस

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत सहा छऱ्यांत दोनच फुगे फुटले. होम मैदानावर पाळण्यांच्या अलीकडं तीच ती फळी, तेच रंगीत फुगे आणि नळी वाकलेली तीच एअरगन. भाच्यानं फुगेवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "आमच्या मामानं अमेरिकेत बंदूक बनवलीय." फुगेवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग उरलेल्या फुग्यांकडं बघितलं आणि काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाला छरे मोजून दिले.

रात्री जेवताना विषय निघणारच होता. कडक भाकरी चुरता चुरता काकांनी विचारलं, "काय बे, बंदूक बनवलास म्हणे. गावठी कट्टा काय?"

"बनवली नाही ओ काका, जोडली. सुटे भाग आणून."

"मग तेच की."

तेच नाही. घरात चार वेळा सांगून झालंय, आता इथं सगळ्यांनाच एकदम सांगतो.

ओहायोत आमच्या शेजारी एक रिटायर झालेले आजोबा राहतात. आयुष्यभर डाय बनवायच्या कारखान्यात होते. ते दर शनिवारी गावाबाहेरच्या रेंजवर पॉइंट टू-टू रायफल घेऊन कागदावर नेम धरायला जातात. मी बरीच वर्षं नुसता बघ्या होतो. एच-वन व्हिसावाल्याला तिथं काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही, आणि त्या अपवादांच्या वाटेला जायची मला हौसही नव्हती. ग्रीन कार्ड आलं आणि आजोबा म्हणाले, आता जोडू या एक.

पॉइंट टू-टू म्हणजे नळीचं तोंड ०.२२ इंच, साधारण साडेपाच मिलिमीटर. हिचं काडतूस 'रिमफायर'. बाकीच्या रायफलींच्या काडतुसाला बुडाशी मधोमध टिकली असते, हिला नसते. ठिणगीचा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि घोड्याची पिन त्या काठावर बसते. हे पितळ पुन्हा भरून वापरता येत नाही. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का जवळपास नाहीच. आईला एवढं सगळं सांगायची गरज पडली नाही. "कोल्हापूरच्या त्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ना, त्याच मापाची गोळी," म्हटलं, आणि तिनं मला आणखी एक भाकरी वाढली. त्याची रायफल आणि माझी रायफल यांत मर्सिडीज आणि लुनाइतका फरक आहे, ते मी सांगितलं नाही.

माझी रायफल रुगर टेन-ट्वेंटीटूच्या घराण्यातली. हे मॉडेल १९६४ साली आलं आणि इतकं खपलं, की आज त्याचे भाग पंचवीस ठिकाणी वेगवेगळे बनतात: नळी एकाची, घोड्याचा डबा दुसऱ्याचा, लाकडी दस्ता तिसऱ्याचा. सगळं एकमेकांत बसतं, निदान बसायला हवं. अमेरिकेच्या कायद्यानं या सगळ्या पसाऱ्यात 'बंदूक' म्हणजे फक्त एक भाग, रिसीव्हर. काडतूस नळीत सारणारा बोल्ट ज्याच्यात मागंपुढं सरकतो तो ॲल्युमिनियमचा वीतभर डबा. सीरियल नंबर त्याच्यावर असतो. तो मी लायसन असलेल्या दुकानातूनच घेतला. फॉर्म ४४७३ भरला, ग्रीन कार्ड दाखवलं, दुकानदारानं सरकारी यंत्रणेत माझं नाव तपासलं, 'पुढे चला' असं उत्तर आलं, झालं काम. यापेक्षा जास्त वेळ आपल्याकडं सिमकार्डाला लागायचा.

बाकीचे भाग कुरिअरनं घरी. नळी आली ती लांबड्या खोक्यातून, दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवून गेला. बायको म्हणाली, "पडद्याचा रॉड आला वाटतं." मला ते ऐकून जरा कसंतरीच झालं. त्याच दाराशी पोरीचं शाळेचं दप्तर पडलेलं असतं, आणि त्या शाळेत वर्षातून दोन-तीनदा, कुणी बंदूक घेऊन घुसलं तर म्हणून, दिवे घालवून, दार लावून कोपऱ्यात गप्प बसायची तालीम होते. पोरीनं विचारलं तर काय सांगायचं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. म्हणून आधी लोखंडी कपाट आलं, मग रिसीव्हर. किल्ली माझ्याकडं. ऑफिसात कुणाला बोललो नाही.

इकडं अण्णा गप्प जेवत होते. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं जॉबर होते. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो: जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. चादरीचा माग कुणी शोरूममधून आणत नसे. सांगाडा बंद पडलेल्या कारखान्यातून, क्रँक कुणाची, जॅकार्ड तिसऱ्याचं, आणि ते सगळं चालतं करायचं जॉबरनं. हात धुऊन आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नंबर कुठल्या भागावर असतो?"

सांगितलं.

"म्हंजे चॅसिस. इंजिन बदललं तरी गाडी तीच."

इतक्या वर्षांत हे मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मात्र काकांच्या डोक्यात काय शिजत होतं ते ओळखून लगेच सांगितलं, आपल्याकडं असं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दातच सुटे भागही येतात. नळीसुद्धा शस्त्र, बोल्टसुद्धा शस्त्र. लायसन नसताना एखादा भाग बॅगेत घालून आणला तर मी आज पंगतीत नसतो. मी तर येताना रेंजची पिशवी सोडून नवी बॅग घेतली आणि तिचेही सगळे खिसे उलटे करून बघितले. कुठल्यातरी शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तर पुढचं सगळं कोर्टात.

जोडायला मुळात काही अवघड नाही. नळी रिसीव्हरच्या भोकात सरकवायची, खालून इंग्रजी व्ही आकाराचा ठोकळा दोन स्क्रूंनी ओढून धरतो. घोड्याचा डबा दोन आडव्या पिनांवर, आणि सगळं मिळून दस्त्यात एका स्क्रूवर. आजोबा म्हणाले, तासाभराचं काम.

तासाभराचं काम मला तीन संध्याकाळी पुरलं. पहिली संध्याकाळ एका पिनेत गेली. बोल्ट मागं येऊन ज्याच्यावर आपटतो ती आडवी पिन रिसीव्हरमध्ये नुसती सरकवलेली असते. बाहेरून दस्त्याच्या भिंती तिला धरतात. दस्ता नसताना रिसीव्हर जरा कलता केला की ती निसटते. माझी निसटली, फरशीवर टणत्कार झाला आणि फ्रिजखाली गेली. पोळपाट, झाडू, मोबाइलची बॅटरी, शेवटी पोरीच्या खेळण्यातलं चुंबक दोऱ्याला बांधून बाहेर काढली. दुसऱ्या संध्याकाळी परत तेच.

तिसरा घोळ नळीचा. नळी जाडजूड घेतली होती, वजनदार नळी हलत नाही म्हणून. पण तिचा बुडखा रिसीव्हरमध्ये किंचित सैल. स्क्रू आवळले की तोंड खाली झुकायचं. नळीवाले म्हणाले रिसीव्हरचं भोक मोठं, रिसीव्हरवाले म्हणाले नळीच बारीक. आजोबांनी मायक्रोमीटरनं दोन्ही मोजलं आणि हसले.

तरीही मारून बघितली. पन्नास यार्डांवर, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर. स्वस्तातल्या वेगवान काडतुसांनी पाच छिद्रं पुरीएवढ्या जागेत पसरली. मग आजोबांनी त्यांच्या डब्यातली हळू चालणारी दिली. गोळी आवाजापेक्षा वेगानं सुटली तर वाटेत कधीतरी तिचा वेग आवाजाच्या खाली उतरतो आणि त्या टप्प्यावर ती डळमळते. हळू गोळी मुळातच आवाजाच्या खाली असते, त्यामुळं तो धक्काच नाही. पाचही छिद्रं रुपयाच्या नाण्याखाली झाकली. ते कागद मी घडी करून पाकिटात ठेवलंय.

आता मूळ दुखणं. ओहायोतच, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी म्हणून जागा आहे. तिथं जुलैत साध्या पॉइंट टू-टू रायफलींची मोठी स्पर्धा होते. नाव द्यायचं ठरवलं, नियम वाचले: रायफल साडेसात पौंडांपेक्षा जड नको. घरात वजनकाटा एकच, भारतात येताना बॅगा अडकवून मोजायचा तो आकड्याचा. रायफल लटकवली. नऊ पौंड.

हे ऐकून अण्णांनी चष्मा काढला. "लाकूड आतनं पोखर की."

"नळीच बदलतोय अण्णा. बारीक मागवलीय. जुनी परत घेतली त्यांनी, पैसे कापून."

"धोटा कुणीकडं उडतो बघितलास का त्याचा?"

काकांना कळलं नाही, मला कळलं. माग चालू असताना आडवा दोरा घेऊन धावणारा धोटा कधीकधी सुटून बाहेर येतो, टोकाला लोखंड बसवलेलं लाकूड गोळीसारखं. अण्णांचा पुढचा अर्धा दात त्यानंच गेलाय. लहानपणी कारखान्यात डबा घेऊन गेलो की ते पहिलं ओरडायचे, "मागाच्या कडंला उभारू नको!" माग बंद असला तरी ओरडायचे. रेंजवरचा पहिला नियमही तोच आहे: भरलेली असो, रिकामी असो, तोंड माणसाकडं नको. मी सांगितलं की तोंड कायम मातीच्या बांधाकडंच असतं. त्यांनी मान हलवली.

मग ते उठून आत गेले आणि पत्र्याची छोटी डबी घेऊन आले. "ती पिन पडतीय म्हणलास ना. बोटावर एवढंसं ग्रीस घे, पिनेला लाव, मग बसव. चिकटून राहतीया. मागाच्या पिना बसवताना आम्ही काय जादू करत होतो काय?"

काल बॅगा भरल्या. त्याच आकड्याच्या काट्यावर मोठी बॅग तेवीस किलो चारशे ग्रॅम भरली. आईनं चेन उघडली, शेंगा चटणीच्या चार पुड्यांवरून हात फिरवला, दोन टॉवेल दाबून बघितले, आणि ग्रीसची डबी काढून टीव्हीवर ठेवली.

"तिकडं मिळतं की ग्रीस," म्हणाली.