तुम्ही विचारलंत म्हणून: तीन तारांवर मेजर-मायनर येतं कुठून?

प्रश्न साधारण असा असतो. सिगारच्या खोक्याची तीनतारी गिटार घरी केली, तारा जी-डी-जी अशा ओपन ट्यूनिंगमध्ये लावल्या, मोकळ्या छेडल्या की छान वाजतं. पण कॉर्ड (एकत्र छेडलेल्या सुरांचे गट) शिकायला बसलं की सहा तारांचे तक्ते कामाला येत नाहीत, आणि एक बोट आडवं टाकून वर-खाली सरकवलं तर सगळ्या कॉर्ड एकाच चेहऱ्याच्या वाटतात. मग मेजर-मायनर कसं वाजवायचं?

ज्याने पेटीवर दोन-चार अलंकार वाजवलेत त्याला उत्तर लगेच पटेल. जी म्हणजे पेटीची पांढरी पाच. तिला सा धरा. मग जी-डी-जी म्हणजे सा-प-सा, तंबोऱ्याचेच सूर. त्र्यंबकच्या पौषवारीत वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा सूर धरून असते, तोच प्रकार. यात गंधार नाही. आणि मेजर की मायनर हे गंधारच ठरवतो: शुद्ध ग असेल तर मेजर, कोमल ग असेल तर मायनर. बोट आडवं टाकून तुम्ही सा-प-सा फक्त वर सरकवता, ग कुठेच वाजत नाही. म्हणून पाचव्या पडद्यावर (पडदा म्हणजे गळ्यावरची आडवी पट्टी, फ्रेट) सी, सातव्यावर डी, नवव्यावर ई, दहाव्यावर एफ मिळतो खरा, पण त्यातला एकही मेजर नाही आणि मायनरही नाही. गिटारवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ठेका धरायला उत्तम, पण गाण्याला साथ करायला अपुरी.

तेव्हा सगळी मेहनत ग बसवण्याची आहे.

त्याआधी तारा बरोबर आहेत का ते बघा, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. अकूस्टिक गिटारचा सहा तारांचा सेट घेऊन त्यातली पाचवी, चौथी आणि तिसरी तार वापरायची. १२ ते ५३ च्या सेटमध्ये त्या अनुक्रमे ४२, ३२ आणि २४ जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग) येतात. चौथी डी आणि तिसरी जी जशाच्या तशा. पाचवी मूळची ए, ती एक पूर्ण स्वर खाली जी वर आणायची. ट्यूनरच्या ॲपमध्ये नुसतं अक्षर बघू नका, शेजारचा सप्तकाचा आकडाही बघा: जी २, डी ३, जी ३. आकडा न बघता जाड तार वर चढवत नेली की ती जी ३ पर्यंत पोचायच्या आतच तुटते आणि दोष तारेच्या कंपनीला मिळतो.

खोक्याबद्दल थोडक्यात. नाशकात सिगारचं खोकं शोधत बसण्यात अर्थ नाही. वाईनच्या दोन बाटल्या भेट द्यायला मिळतं ते लाकडी खोकं किंवा सुकामेव्याचा पातळ झाकणाचा डबा चालतो. गळ्याला सागाची सरळ पट्टी घ्या. नटपासून (गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंतची (खोक्यावरचा तारांचा आधार) लांबी ६०० मिलिमीटर ठेवा, बोटं फाकवायला सोपं जातं. नटपासून दुसरा पडदा ६५.५ वर, तिसरा ९५.५, चौथा १२३.८, पाचवा १५०.५, सातवा १९९.५ आणि बारावा बरोबर ३०० वर. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. आधीच्या पडद्यापासून मोजत गेलात तर चूक साठत जाते आणि बाराव्यापर्यंत ती कानाला कळते.

आता कॉर्ड. आकडे जाड तारेकडून बारीक तारेकडे वाचायचे. शून्य म्हणजे मोकळी तार.

जी मेजर: ०-०-४. बारीक तारेवर चौथ्या पडद्यावर शुद्ध ग, बाकी सा आणि प मोकळे. तेच बोट एक पडदा मागे घ्या, ०-०-३, की जी मायनर. ही जोडी आलटून-पालटून वाजवा आणि ऐका. जो फरक कुणी शब्दांत सांगून कळत नाही तो या एका बोटात आहे.

पुढच्या हालचालीसाठी चौथ्या पडद्यावर अनामिका ठेवायची सवय लावा, तर्जनी नको. कारण आता तर्जनी मधल्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर टेकवली की ०-२-४, ई मायनर तयार. अनामिका जागची हलत नाही. त्यानंतर तर्जनी तशीच ठेवून बारीक तारेवर अनामिकेऐवजी करंगळी पाचव्या पडद्यावर टाका: ०-२-५, सी मेजर. जी, ई मायनर, सी या तीन कॉर्डमध्ये हात गळ्यावरून सरकतच नाही. सहा तारांवर हेच तीन आकार बदलताना नवशिक्याचा ठेका हमखास तुटतो. इथे तो तुटायला कारण नाही.

डीसाठी दोन वाटा आहेत. सोपी २-०-२: दोन्ही जी तारा दुसऱ्या पडद्यावर, मधली मोकळी. यात डीचा स्वतःचा गंधार नाही, पण बाकीच्या कॉर्ड भरलेल्या असल्या की कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी वाट २-४-५, डी सेव्हनचं काम करणारी. यात मुळातला डी नाही, तरी जीकडे ओढ लागते ती इथेच. सीमधली करंगळी पाचव्यावर तशीच राहते, तर्जनी जाड तारेच्या दुसऱ्यावर आणि अनामिका मधल्या तारेच्या चौथ्यावर जाते. मग जीवर परतताना बारीक तार पाचव्यावरून चौथ्यावर उतरते, म्हणजे म वरून ग वर. सम गाठल्यासारखं वाटतं ते यामुळे. सोपी वाट आठवडाभर वाजवा, पण तिथेच मुक्काम करू नका.

ए मायनर २-२-५. तर्जनी जाड आणि मधल्या तारेवर आडवी, करंगळी पाचव्यावर. दुसऱ्या आणि पाचव्या पडद्यात ८५ मिलिमीटर अंतर आहे, सुरुवातीला ताण बसतो. अंगठा गळ्याच्या मागे मधोमध खाली उतरवा, करंगळी पोचते. अंगठा वरून डोकावत असेल तर नाही पोचणार. हाच साचा पुढे सरकवून प्रत्येक मायनर मिळतो. मेजरचा साचा मात्र (५-५-९ म्हणजे सी) ९३ मिलिमीटर मागतो. लहान हाताने त्याच्या नादी लागू नये, ०-२-५ आहेच.

आडव्या बोटाखाली एक तार ठसठशीत आणि दुसरी मुकी येते, तेव्हा लोक जोर वाढवतात. जोराने काही होत नाही. बोटाच्या पेराची घडी नेमकी तारेवर आलेली असते. बोट किंचित नटच्या बाजूला कलतं करून हाडाची कड तारेवर आणा आणि पडद्याच्या अगदी मागे दाबा.

बोट बरोबर असूनही चौथ्या पडद्यावरचा ग बेसूर येत असेल तर तीन जागा तपासा. पहिली नट: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबा; पहिल्या पडद्यावर तारेखाली साध्या कागदाइतकीच फट दिसायला हवी. जास्त असेल तर तार दाबताना ताणली जाते आणि पहिले तीन-चार पडदे चढे वाजतात. खाच थोडी थोडी घासा, कारण जास्त घासली तर मोकळी तार झणझणते. दुसरी जागा घोडी. बाराव्या पडद्यावर हलका स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर घोडी नटपासून दूर, उतरता असेल तर जवळ. जाड तारेच्या बाजूने ती दोनेक मिलिमीटर मागे तिरकी बसते, ते ठीकच आहे.

तिसरी जागा कान. पडदे सप्तकाचे बारा सूर समान अंतराने धरण्याच्या हिशोबाने मारलेले असतात, त्यामुळे चौथ्या पडद्यावरचा ग तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो. गाणाऱ्याला तो टोचतो. मोकळे सा-प शेजारी घुमत असल्यामुळे इथे तो जास्तच उघडा पडतो. गिटार बिघडलेली नाही. पेटीचा गही तसाच असतो.

काही जण हे टाळायला जी-बी-डी लावायला सांगतात, म्हणजे सा-ग-प. त्यासाठी सेटमधली तिसरी, दुसरी आणि पहिली तार लागते, पहिली ई वरून डीवर उतरवून. मग आडवं बोट म्हणजे पूर्ण मेजर: पाचव्यावर सी, सातव्यावर डी. ई मायनर ०-०-२, ए मायनर २-१-२, सी ०-१-२. लवकर गाणं वाजतं हे खरं. पण मधली तार कानाने गोड ग वर उतरवली की तिच्यावरचे बाकीचे सगळे स्वर तेवढेच उतरतात आणि सी-ए मायनर फसतात. शिकायला जी-डी-जीच बरं; ग आपण बसवतोय हे बोटाला कळतं.

नाशिकची हवा हाही एक भाग आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पोलादी तारा आखडतात आणि सूर चढतो. वाजवून बोटांनी गरम झाल्या की उतरतो. म्हणून दहा मिनिटं वाजवल्यावर पुन्हा लावा. पावसाळ्यात अखंड लाकडाचं झाकण फुगून घोडी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. प्लायचं झाकण त्या मानाने निमूट असतं.

गाणाऱ्याचा सा पांढरी पाच नसेल तर कापो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लावा: पहिल्या पडद्यावर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. बोटांचे आकार तेच राहतात. घरच्या गिटारचा फ्रेटबोर्ड (पडदे बसवलेली गळ्याची बाजू) सपाट असतो, तेव्हा क्लासिकल गिटारचा सपाट कापो मागून घ्या. गोलाईचा कापो कडेच्या तारा दाबतो आणि मधली झणझणते.